वल्लादा हे नाव आणि आपला 'वलद'

'वल्लादा' या अरबी स्त्रीनावाचा अर्थ 'जन्मलेली' असा दिलेला आढळला. त्यात थोडी दुरुस्ती: जन्मलेली म्हणजे 'मौलूदा'. वल्लादा म्हणजे पुष्कळ प्रसवणारी, लेकुरवाळी. धातू व-ल-द. अरबीत मधलं अक्षर दुप्पट झालं की ते काम सतत करणारा असा अर्थ येतो. हम्माल, दल्लाल, सर्राफ तसेच. मराठीने जोडाक्षर सोडवून हमाल, दलाल, सराफ केले. औलाद याच धातूचा. जुन्या दस्तांत 'अमुक वलद तमुक' (म्हणजे तमुकचा मुलगा अमुक) असतं, तो वलदही! मला याचं फार अप्रूप वाटतं.

वल्लादा हे नाव गाजवलं ते स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या अकराव्या शतकातल्या कवयित्रीने, खलिफा अल-मुस्तक्फीच्या मुलीने. स्वतःच्या ओळी तिने अंगरख्यावर भरून घेतल्या होत्या. चरित्रकार सांगतात, ती अविवाहित राहिली.