झणझणीचे कारण शंकूखालीही असू शकते
रेझोनेटर गिटारची (जिच्यात धातूचा शंकू आवाज मोठा करतो) तार झणझणत असेल, तर स्लाइडसाठी, म्हणजे तारांवर नळी सरकवून वाजवण्यासाठी, जाड तारा चढवून नट (मानेच्या टोकाची तारा टेकणारी पट्टी) उंच करावा, असा सल्ला दिला जातो; तो मला मान्य आहे. मात्र तार झणझणते ती केवळ तारांची उंची कमी पडल्यामुळेच, हे पटत नाही. माझ्या बिस्किट ब्रिजच्या (शंकूच्या माथ्यावरील लाकडी चकतीवर ब्रिज असलेल्या) गिटारवर ओपन जी (मोकळ्या तारा छेडल्यावर जी मेजर कॉर्ड देणारी जुळणी) लावून ०.०१६ ते ०.०५६ इंचांचा संच चढवल्यावरही मोकळी तिसरी तार झणझणतच राहिली. शेवटी तारा हळूहळू सैल करून वरचे जाळीदार झाकण उघडले, तर ॲल्युमिनियमच्या शंकूच्या कडेखाली लाकडाची नखाएवढी कपची अडकलेली दिसली. ती काढून, बैठक ब्रशने स्वच्छ करून शंकू पुन्हा सपाट बसवला, तेव्हा आवाज मोकळा झाला. या प्रकारच्या गिटारमध्ये शंकूला तारांचा दाबच जागेवर धरून ठेवतो, म्हणून एरवी तारा बदलताना त्या एकेक करूनच बदलाव्यात.