गुडघा बदलल्यावर ८५ अंशांपुढे वाकतच नाही

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
आईचं (वय ६८) उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना होत आला. टाके छान भरलेत, वॉकर सुटून काठी आली. पण गुडघा ८५ अंशांवर अडलाय. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. फिजिओताईंनी बेल वाजवली की आई पाय आधीच ताठ करते. रात्री ठणकतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेते. मी धरून जोर लावून वाकवू का? ‘भूल देऊन वाकवतात’ असं कुणीतरी सांगितल्यापासून ती फार घाबरलीय.

उत्तर (नेरुळ)
ताई, आधी ती उशी काढा. माझे दोन्ही गुडघे बदललेत, म्हणून कळकळीनं सांगते. उशीनं बरं वाटतं, पण पाय अर्धवट वाकलेला राहतो आणि पुढे सरळच होत नाही. मग चालणं लंगडं. त्याऐवजी दिवसातून काही वेळा टाचेखाली टॉवेलची गुंडाळी द्या, गुडघा अधांतरी राहू दे.

आणि जोर तुम्ही अजिबात लावू नका. दुसऱ्यानं धरलं की मांडी घट्ट होते, ती सैल पडेपर्यंत काही वाकत नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी द्या. खुर्चीत बसवून पायात मोजा घाला, गुळगुळीत लादीवरून पाऊल हळूहळू मागे सरकवू दे. अडलं की तिथेच थांबून, पाऊल न हलवता, बूड जरा पुढे. मला शेवटचे अंश असेच मिळाले. नंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. सूज असली की गुडघा वाकत नाही, त्यामुळे आईंना दिवसभर पाय खाली सोडून बसू देऊ नका.

जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, वाशी)
वरचं सगळं बरोबर. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकायचा? नंतरचं वाकणं बरंचसं त्यावर ठरतं. सपाट चालायला साधारण ६५-७० अंश पुरतात, जिन्याला नव्वदच्या आसपास लागतात. तेवढंही येत नसेल तर भूल देऊन वाकवण्याचा निर्णय बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घेतात, त्यात सहसा नवी चीर नसते. म्हणून याच आठवड्यात सर्जनना दाखवा. ताप, लाली, जखमेतून स्राव किंवा पोटरी दुखून सुजली तर त्याच दिवशी.

प्रश्नकर्ती
आधीही जेमतेम ९५च वाकायचा. गुरुवारची वेळ घेतलीय. चीर नसते ऐकून आई जरा निवांत झाली. उशी मात्र मागतेय, देणार नाही.