तुर्की पोशाखातील व्यक्तिचित्रे : कपडे खरे की चित्रशाळेतले?

प्रश्न (साताऱ्याहून, कलाशिक्षिका) :
नमस्कार. नववीच्या वर्गात मी अमेरिकी चित्रकार कॉपली यांनी १७७१ मध्ये न्यूयॉर्कला रंगविलेले मार्गारेट गेज यांचे चित्र दाखवले. सैल कफ्तान, भरतकामाचा कमरपट्टा आणि डोक्याला गुंडाळलेले वस्त्र पाहून एका मुलीने विचारले, "बाई, या तुर्कस्तानात राहत होत्या का?" त्या इंग्रज सेनापतीच्या पत्नी होत्या, एवढेच मला सांगता आले. असे चित्र काढून घेण्याची पद्धत कशी पडली असेल?

उत्तर (सांगलीहून) :
ताई, मुलीचा प्रश्न नेमका आहे. मार्गारेट अमेरिकेत जन्मल्या, परंतु त्यांचे वडील पीटर केंबल हे स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीर, या उस्मानी (ऑटोमन) तुर्की साम्राज्यातील बंदरात जन्मले होते. त्यामुळे त्या वेषात माहेरची खूण असावी, असे मला वाटते. कपडे मात्र तिकडून आलेले समजू नयेत. कॉपली १७७४ पर्यंत अमेरिकेबाहेर गेलेच नव्हते, आणि 'तुर्की' वेष तेव्हा इंग्लंडमध्ये मुखवटे घालून होणाऱ्या नृत्यसमारंभांत रुळला होता. शिवाय चालू फॅशनचा झगा काही वर्षांतच जुना वाटू लागतो, तसे कफ्तानाचे होत नाही, आणि सैल कापडाच्या चुण्या रंगविताना चित्रकाराचा हात खुलतो.

उत्तर (मिरजेहून) :
प्रत्यक्ष पाहून रंगविलेली चित्रेही आहेत, ती शेजारी ठेवावीत. लेडी मेरी माँटेग्यू या १७१७ मध्ये ब्रिटिश राजदूताच्या पत्नी म्हणून इस्तंबूलला पोहोचल्या. तेथे व्हानमूर यांनी त्यांना तुर्की पोशाखात रंगविले. तेथील स्त्रिया बुरख्यामुळे ओळखल्या न जाता मोकळेपणाने फिरू शकतात, असे निरीक्षण लेडी मेरी यांनी पत्रांत नोंदवले, आणि ती पत्रे त्यांच्या निधनानंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाली. जिनिव्हाचे लिओतार १७३८ ते १७४२ इस्तंबूलला राहिले आणि परतल्यावरही तुर्की वेषातच वावरत, म्हणून 'तुर्की चित्रकार' हीच त्यांची ओळख झाली. याउलट फ्रेंच चित्रकार व्हान लू यांनी फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या मर्जीतील मादाम द पोंपादूर यांना कॉफी घेणाऱ्या सुलतानेच्या रूपात बेलव्ह्यू या त्यांच्या महालासाठी रंगविले. तेथे तुर्कस्तान नाही, राजाच्या मर्जीतील स्त्रीची सत्ता आहे.

प्रश्नकर्त्या :
मनःपूर्वक आभार. आता लिओतार आणि कॉपली यांची चित्रे शेजारी लावून, कापडाची शिवण कोणी पाहिली आहे आणि कोणी कल्पिली आहे, हे मुलींना शोधायला सांगते. सोबत जेम्स वेल्स यांनी १७९२ च्या सुमारास पुण्यात रंगविलेले सवाई माधवरावही दाखवीन, कारण तेथे परका चित्रकार आहे आणि पोशाख मात्र पेशव्यांचा स्वतःचा आहे.