मदत हवी आहे – कोल्हापुरी चप्पल कोण का घालतं, हे लोकांना विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी, एमएच्या प्रोजेक्टसाठी कोल्हापुरी चप्पल हा विषय घेतलाय, म्हणजे चप्पल बनते कशी हे नाही तर ती घालून माणूस आपण कुठल्या गटातले हे कसं सांगतो ते. एकीकडे शेतकरी, पैलवान, पांढऱ्या कपड्यातले पुढारी आणि दुसरीकडे खादी कुर्ता-झोळीवाले नाटकवाले, तीच चप्पल पण अर्थ पार वेगळा! २०१९ ला जीआय (म्हणजे वस्तू ठरावीक भागाचीच असं सांगणारं भौगोलिक मानांकन) मिळालं, जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि मूळ उल्लेख नव्हता म्हणून केवढा गदारोळ झाला, तेव्हा ती कधीच न घालणारे पण "आमची चप्पल" म्हणत होते, मला हेच फार महत्त्वाचं वाटतं.

अडचण अशी की कोणालाही विचारलं का घालता तर उत्तर एकच, "कम्फर्टेबल आहे". अहो नवी कोरी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते की! आपण कोण दिसावं म्हणून घेतली असं कोणी तोंडाने सांगत नाही. फिल्डवर्क केलेल्यांनी प्लीज सांगा, प्रश्न कसे फिरवून विचारू? आणि चप्पल बनवणाऱ्या कारागीर कुटुंबांशी बोलताना कोणाला न दुखावता जातीचा विषय कसा काढावा?