कांगकोंगच्या परतलेल्या भाजीला पाणी का सुटते?

सादर नमस्कार मंडळी,

सिंगापूरच्या बाजारात कांगकोंग या पालेभाजीची जुडी सहज मिळते. खाणावळीत ही भाजी हिरवीगार आणि कुरकुरीत येते, पण मी घरी दोनदा केली तेव्हा पाने काळपट पडून पाण्यात पोहू लागली आणि देठ चिवट राहिले. धुळ्याला आमच्याकडे पोकळा जसा झाकण ठेवून शिजवतात, तशीच ती केली होती. सध्या आई येथे आली असल्यामुळे शाकाहारी पद्धत हवी आहे. चोपड्याच्या मावशींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

भाऊ, नमस्कार.

चूक त्या झाकणातच आहे. पोकळा अंगच्या पाण्यात शिजला तरी गोड लागतो. कांगकोंगला मात्र वाफ कोंडलेली अजिबात चालत नाही. चिनी भाषेत तिच्या नावाचा अर्थच ‘पोकळ गाभ्याची भाजी’ असा आहे, आणि त्या पोकळीत धुतानाचे पाणी अडकून राहते. म्हणून पाव किलोची जुडी आधी धुऊन चाळणीत निथळू द्यावी, मग सुती पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने टिपून घ्यावी. देठ बोटांनी वाकवून पाहावा: काडकन मोडला तर तो कोवळा, नुसता वाकून दोरे सुटले तर तेवढा बुडखा टाकून द्यावा. उरलेल्या देठांचे बोटभर तुकडे करावेत आणि देठ व पाने यांचे दोन वेगळे ढीग ठेवावेत, कारण दोन्हींना लागणारा वेळ वेगळा असतो.

लोखंडी कढई रिकामीच तापवून त्यात दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल घालावे. तेल धुरावू लागताच सहा ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि दोन सुक्या लाल मिरच्या टाकाव्यात, आणि लसणाच्या कडा पिवळसर होताक्षणी देठ घालावेत. त्या वेळी चर्र असा मोठा आवाज झाला पाहिजे. तो दबला, तर कढई पुरेशी तापली नव्हती असे समजावे. देठ पाऊण मिनिट परतल्यावर पाने, एक चमचा सोया सॉस आणि चिमूटभर साखर घालून आणखी अर्धा-पाऊण मिनिट सतत हलवावे आणि पाने जेमतेम माना टाकत असतानाच भाजी ताटात काढावी. कढईतच राहू दिली तर काळवंडते. सोया सॉस खारट असल्यामुळे मीठ शेवटी चाखूनच घालावे.

आईंसाठी एक गोष्ट आवर्जून पाहावी. मलय पद्धतीच्या सांबलात, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी असते, आणि ऑयस्टर सॉसही शाकाहारी नसतो. त्याऐवजी आंबवलेल्या सोयाबीनचा ताउचो अर्धा चमचा वापरावा. मी तर खलबत्त्यात कुटलेला लाल मिरचीचा ठेचाच घालते, आणि तो मला सांबलाहून अधिक आवडतो.

तिकडून गावी परत आल्यावर मी हीच भाजी अंगणातल्या जुन्या टबात लावली. पेरावर तोडलेली काडी पाण्यात ठेवली की थोड्याच दिवसांत पेरापाशी पांढरी मुळे फुटतात. मराठीत तिला नाळीची भाजी म्हणतात, पण आमच्या गल्लीत हे नाव कोणाला ठाऊक नव्हते. फुले आल्यावर शेजारच्या काकूंनी ‘ही तर बेशरम!’ म्हणून हात मागे घेतला. त्यांची शंका अगदीच गैर नव्हती, कारण पाटाकाठी वाढणारी विषारी बेशरम आणि ही भाजी एकाच कुळातल्या आहेत. आपले रताळेही त्यांचे नातलग. म्हणून सुटीत गावी आल्यावर नाल्याकाठची ओळखीची वाटणारी पाने कोणी खुडू नयेत. शिवाय घाण पाण्यातली नाळी तर मुळीच नको, आणि स्वच्छ पाण्यातलीही कच्ची खाऊ नये, कारण पाणवनस्पतींना परजीवी कृमींच्या अळ्या चिकटलेल्या असू शकतात.

---

मावशी, मनःपूर्वक आभार.

काल आपण सांगितल्याप्रमाणे केली. माझी शेगडी विजेची असल्यामुळे पूर्ण जुडी एकदम टाकताच आवाज दबला आणि पुन्हा थोडे पाणी सुटले. उरलेली अर्धी जुडी कढई नव्याने तापवून वेगळी परतली, ती मात्र कोरडी आणि हिरवी राहिली. आईने दुसरा घाणाच संपवला आणि सोबत कळण्याची भाकरी का केली नाही, असे विचारले. आता काड्यांचे बुडखे पेल्यात ठेवले आहेत.