शब्दचर्चा: स्त्रीबीजाच्या ‘पोलर बॉडी’ला मराठीत काय म्हणायचं?

पर्वतीपायथा: मंडळी, मदत हवीये. एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय, सस्तन प्राण्यांचं स्त्रीबीज पक्व होताना कसं विभागतं त्यावर. एका पेशीच्या दोन होतात पण एक जवळजवळ अख्ख्या बीजाएवढीच राहते आणि दुसरी अगदी चिमुकली, तिला इंग्रजीत पोलर बॉडी म्हणतात. दोन शब्द हवेत, एक या चिमुकलीसाठी आणि एक अशा विभाजनासाठी. सध्या ‘ध्रुवीय पिंड’ आणि ‘असमान विभाजन’ लिहिलंय पण वाचताना अडखळायला होतंय.

नळस्टॉप: दिवाळी अंकात पिंड? त्यापेक्षा पितृपक्षातच काढा की अंक, ओंकारेश्वराच्या घाटावर प्रकाशन.

जुनापेठकर: पिंडाला एवढं झिडकारू नका हो. ‘त्याचा पिंडच कलावंताचा’ म्हणतो तेव्हा कावळा येतो का मधे? आणि शब्द वैद्यकातलाच आहे, सुश्रुतसंहितेत दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाच्या आकाराला पिंड, पेशी आणि अर्बुद असे तीन शब्द आलेत.

पर्वतीपायथा: काका, मग तर नकोच. हिचा गर्भ होतच नाही ना, तोच तर सगळा मुद्दा. हिंदीत ‘ध्रुवीय काय’ वापरतात असं दिसलं.

नळस्टॉप: ध्रुवीय काय? अहो सांगा ना, ध्रुवीय काय?

काचेमागची: मी टेस्ट ट्यूब बेबीच्या लॅबमधे काम करते त्यामुळे हे रोज बघते. आमच्याकडे मराठी शब्द कुणीच वापरत नाही, ‘पीबी दिसतोय का’ एवढंच विचारतात. बीज काढलं की भोवतीच्या पेशी बारीक नळीने साफ करायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. मधे गोल केंद्रक दिसलं तर बीज कच्चं, आणि कडेला जाड कवचाच्या आत बारकासा गोळा दिसला तर पक्व. शुक्राणू सुईने सोडायचा असेल तर बीज असं फिरवून धरतात की तो गोळा घड्याळातल्या बारावर किंवा सहावर येईल आणि सुई तीनकडून जाईल, कारण गुणसूत्रं साधारण त्या गोळ्याच्या जवळच असतात, तिथे सुई घुसली तर सगळंच बिघडायचं. आणि पेशंटशी बोलताना आम्ही ‘बीज तयार आहे’ म्हणतो, गोळ्याचा विषयच निघत नाही. शिवाय एक राहिलं, हे दोनदा होतं. पहिला गोळा बीज अंडाशयातून सुटण्याच्या सुमारास पडतो, दुसरा शुक्राणू आत शिरल्यावरच. म्हणजे शुक्राणू आलाच नाही तर ते विभाजन अर्धवटच राहतं.

मोजपट्टी: चिमुकलीपेक्षा मला ‘असमान विभाजन’ जास्त खटकतंय, कारण असमान नक्की काय आहे? गुणसूत्रं बरोब्बर निम्मी निम्मी जातात. माणसात ४६ ची २३ इकडे आणि २३ तिकडे. कमीजास्त होतं ते पेशीद्रव्य, म्हणजे साठवलेली प्रथिनं, आरएनए, मायटोकॉन्ड्रिया वगैरे सगळं. नुसतं ‘असमान विभाजन’ वाचून कुणालाही वाटेल की गुणसूत्रंच कमीजास्त वाटली गेली, आणि तसं खरंच झालं तर तो आजार असतो. १९९८ मधे हवाई विद्यापीठात उंदरांवर काम झालं होतं, पहिल्या पोलर बॉडीतली गुणसूत्रं घेऊन ती आपली गुणसूत्रं काढून टाकलेल्या बीजात घातली, मग शुक्राणू सोडला आणि धडधाकट पिल्लं झाली. तेव्हा आतल्या मालात ती कुठेच कमी नाही, फक्त तिच्या वाट्याला शिदोरी आलेली नाही.

जुनापेठकर: मग ‘विषम विभाजन’?

मोजपट्टी: विषम म्हटलं की तीन, पाच, सात. गणिताच्या पुस्तकात सममिती आहेच, तिच्यावरून ‘असममित’ होईल पण तो शब्द दाताखाली खड्यासारखा येतो. सरळ ‘पेशीद्रव्याची असमान वाटणी’ लिहा. लांब आहे पण खोटं नाही.

पर्वतीपायथा: हे पटलं. वाटणी शब्द चांगला बसतोय, कारण लेखात पुढे तेच येतं, की मानवी गर्भाची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशी होईपर्यंत नीट कामाला लागत नाहीत आणि तोवर सगळा खर्च आईने बीजात भरून ठेवलेल्या साठ्यातून चालतो, म्हणून तो साठा फोडायचा नाही. शुक्राणूचं उलट, एका पेशीतून चार सारखे निघतात. पण ‘कसं’ हे लिहिताना ‘स्पिंडल’ला अडले, म्हणजे विभाजनात गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारी ती धाग्यांची रचना.

मोजपट्टी: तर्कू. संस्कृतात तर्कू म्हणजे चरख्याची चाती, इंग्रजी शब्दही सूत कातण्यातूनच आलाय. तर्कू बीजाच्या मधोमध तयार होतो, मग ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जोरावर कडेला सरकतो, आणि पेशी तिथेच आवळली जाते म्हणून बाहेर पडणारा तुकडा एवढासा. फॉर्मिन-२ हे जनुक नसलेल्या उंदरिणींच्या बीजात तर्कू मधेच अडकून बसतो आणि पोलर बॉडी बाहेरच पडत नाही, हे २००२ मधे दिसलं. तेव्हा ‘तर्कू कडेला सरकतो’ हे वाक्य लेखात पाहिजेच, ते नसेल तर वाटणी असमान का होते ते कळणारच नाही.

काचेमागची: पुस्तकातल्या चित्रात तीन पोलर बॉडी काढतात ते आंधळेपणाने उचलू नका हं. पहिली पुन्हा विभागली तर तीन, पण माणसात ती बहुतेकदा विभागतच नाही, विरून जाते.

जुनापेठकर: बरं, मूळ शब्दाचं काय? ध्रुव आला कुठून?

मोजपट्टी: बीजाला दोन टोकं मानतात, त्यातल्या एका टोकाशी ही पडते म्हणून. त्याआधी जर्मनमधे तिला ‘दिशा दाखवणारी’ म्हणत, १८४८ मधे म्युलरने गोगलगायीच्या अंड्यांवर काम करताना दिलेलं नाव, कारण पुढे अंड्याला पहिली खाच पडते ती हिच्या जागेवरून ओळखता यायची.

काचेमागची: मला विचाराल तर ‘ध्रुवपेशिका’. पेशीच आहे ती, आवरण आहे, गुणसूत्रं आहेत, फक्त लहान.

नळस्टॉप: आणि कावळाही शिवणार नाही.

पर्वतीपायथा: ध्रुवपेशिका घेते, पहिल्यांदा येईल तिथे ‘पोलर बॉडी’ही देवनागरीत लिहीन. ‘तर्कू’ला मात्र संपादक कात्री लावणार असं दिसतंय, त्यांना कालच ‘पेशीद्रव्य’ जड वाटत होतं.