मदत हवी आहे: ‘शंभरात ८५ जणांकडे फोन’ असं प्रस्तावात लिहू का?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. गरोदर बायकांना त्यांच्या बोलीत, म्हणजे भिली-पावरीत, तब्येतीचे निरोप फोनवर ऐकवायचे असा विचार चालू आहे. प्रस्तावात ‘देशात फोन किती पसरलाय’ यावर एक परिच्छेद लागतो. आमचे कार्यवाह म्हणतात, ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, आकडा टाक आणि मोकळी हो. मार्च २०२४ची टेलिडेन्सिटी ८५.६९, म्हणजे शंभरात ८५ जणांकडे फोन. धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे पाहिलेल्या कुणाला हे पटेल का?

शिवाय जुने आकडे ओळीने मांडले तर आलेख भलताच दिसतो. मार्च २०१२ला ७८.६६, पुढच्या मार्चला ७३.३२, मग २०१७ला ९३च्या आसपास आणि मार्च २०२४ला ८५. मध्येच लोकांनी फोन टाकून दिले की काय? ही चढउतार कशाने, जिल्ह्याचा आकडा कुठे मिळतो आणि बायकांचा वेगळा आकडा आहे का, एवढं कुणी सांगेल का? प्रस्ताव याच आठवड्यात जायचाय.

जुना_लाइनमन

ताई, ट्राय माणसं मोजत नाही, जोडण्या मोजते. टेलिडेन्सिटी म्हणजे शंभर लोकांमागे किती जोडण्या. एका माणसाकडे तीन सिमं असली तर तिन्ही धरली जातात. त्याच मार्च २०२४च्या अहवालात शहरी आणि ग्रामीण आकडे वेगळे दिलेत ते बघा: शहरी १३३.७२, ग्रामीण ५९.१९. शहरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या सिमांनी तुमचा ८५ उचलून धरलाय. पाड्यांसाठी तो वापरू नका. कार्यवाहांना म्हणावं, तुमच्या खिशात किती सिमं ते आधी सांगा :)

आता आलेखाचं. २०१२च्या आधी कंपन्यांची ग्राहकसंख्या फुगवायची चढाओढ होती. फुकट टॉकटाइमसाठी सिम घ्यायचं, संपला की फेकून द्यायचं. अशी मेलेली सिमं कंपन्यांनी त्या वर्षी मोठ्या प्रमाणात यादीतून काढली. त्यातच २ फेब्रुवारी २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल सेवेचे १२२ परवाने रद्द केले, तेव्हा काही कंपन्यांनी गाशाच गुंडाळला. आकडा पडला, पण बोलणारी माणसं तेवढ्याने कमी झाली नाहीत.

सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. लोकांनी जुनं सिम ठेवून दुसऱ्या खाचेत नवं घातलं आणि आलेख चढला. २०१८च्या अखेरीस बाकीच्या बड्या कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला, सुरुवातीला ३५ रुपयांचा. नुसतं इनकमिंगसाठी ठेवलेलं सिम पोसणं परवडेना, तशी दुसरी सिमं सुटू लागली. शिवाय टेलिडेन्सिटी काढताना जोडण्यांना लोकसंख्येने भागतात, ती दरवर्षी वाढते. तीही अंदाजाने धरलेली, कारण हा अहवाल निघाला तेव्हा हाताशी २०११चीच जनगणना होती.

आकडेमोड

बायकांसाठी ट्राय सोडा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण धरा. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं: तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? देशभरात ५३.९ टक्के ‘हो’. शहरात ६९.४, ग्रामीण भागात ४६.६. आधीच्या, २०१५-१६च्या फेरीत देशाचा आकडा ४५.९ होता. तुमच्या प्रस्तावात जायला हवा तो हा, कारण इथे मोजलंय ते माणूस, सिम नव्हे. महाराष्ट्राच्या पत्रकातही ही ओळ शहरी-ग्रामीण वेगळी करून दिलेली आहे.

जिल्ह्याचा आकडा ट्राय देत नाही. तिचा हिशेब परिमंडळांचा, म्हणजे फोनसेवेसाठी पाडलेल्या मोठ्या विभागांचा. महाराष्ट्र परिमंडळात गोवा येतो, मुंबई मात्र वेगळी. म्हणजे नंदुरबार आणि पणजी एकाच ओळीत! जिल्हावार हवंच असेल तर २०११च्या जनगणनेत घरातल्या वस्तूंच्या तक्त्यात फोन आहे. देशभरात ६३.२ टक्के घरांत काही ना काही फोन होता. आकडा जुना आहे आणि घरांचा आहे, हे लिहूनच वापरा.

तापीकाठ

दोघांचेही खूप आभार. ५९.१९ आणि ४६.६ शेजारी-शेजारी लिहिते, खाली दोन्ही आकडे कशाचे आणि कोणत्या सालचे तेही देते. एक शंका राहतेच. आमच्याकडची बरीच कुटुंबं ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत जातात. तिकडेच सिम घेतलं तर?

जुना_लाइनमन

सुरतेत घेतलेलं सिम गुजरात परिमंडळात मोजलं जातं, मग माणूस दिवाळीला धडगावात का असेना. तुमचं गणित कागदावर जुळणारच नाही. दहा-बारा पाड्यांवर स्वतः विचारून घ्या. ‘फोन आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. दिवसा फोन कुणाकडे असतो, शेवटचा रिचार्ज कधी मारला, घरात कुठे उभं राहिलं की रेंज मिळते, असं विचारा.

आणि रिचार्जचा प्रश्न वगळू नका. १९९५ला मोबाइल आला तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. २००३ला इनकमिंग फुकट झालं आणि मोबाइल गरिबाच्या हातात गेला. मिस्ड कॉलवर अख्खं गाव चालायचं. किमान रिचार्ज आल्यापासून मुदत संपली की आधी आउटगोइंग जातं, पुढे इनकमिंगही. बाईकडे फोन आहे, सिम आहे, ट्रायच्या यादीतही ती आहे, पण तुमचा निरोप वाजणार नाही. प्रस्तावात लाभार्थींच्या रिचार्जसाठी वेगळी रक्कम धरा.

तापीकाठ

हे डोक्यातच नव्हतं, काका. रिचार्जचा खर्च अंदाजपत्रकात टाकते. एका बाईमागे महिन्याला किती धरू? फक्त इनकमिंग चालू राहिलं तरी पुरे.